लिफ्टच्या दाराआड

नमस्कार श्रोतेहो.

सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. पाचव्या मजल्यावर आम्ही लिफ्टची वाट बघत उभे असतो. मी, बारा वर्षांची थोरली आणि आठ वर्षांचा धाकटा. लिफ्ट येते, आत कुणीतरी असतंच, आणि मुलांकडे बघून हमखास विचारतं, "काय रे, आज शाळेला सुट्टी वाटतं?" गाव सोडून शहरात राहायला आलो त्याला दीड वर्ष झालं. सुरुवातीला या प्रश्नावर मुलं माझ्या तोंडाकडे बघायची. आता धाकटा स्वतःच सांगतो, "आम्ही घरीच शिकतो." त्यावर पुढचा प्रश्न येईपर्यंत तळमजला येतो. पाच मजले उतरताना सांगून व्हावं असं ते उत्तर नाही, म्हणून आज तुमच्याशी जरा निवांत बोलायचं आहे.

आमची दोन्ही मुलं कधीच शाळेत गेलेली नाहीत. हे ठरवलं तेव्हा आम्ही गावात होतो. तिथे दार उघडलं की समोर कुणाचं ना कुणाचं काम चाललेलं असायचं. कुणी भिंत रचतंय, कुणी पंप खोलून बसलंय, कुणी जनावराची जखम धुतंय. मूल जवळ जाऊन उकिडवं बसलं तर त्याला कुणी हाकलत नसे, उलट "तेवढा पाना दे इकडे" म्हणून कामाला लावत. थोरली अपूर्णांक शिकली ती सुताराच्या मापपट्टीवर. अर्धा, पाव, अर्धपाव हे तिच्या हातात आधी बसलं आणि वहीत नंतर आलं.

मुलांच्या बाबांचं काम बदललं आणि आम्ही इथे आलो. इथे दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. पाणी नळातून येतं, वीज बटणातून, सामान पिशवीतून. ते कुणी केलं, कसं केलं, कुठून आणलं, काही म्हणजे काही दिसत नाही. शहरात काम कमी असतं असं थोडंच आहे? पण ते सगळं भिंतींच्या आत, दारांच्या मागे, जमिनीच्या खाली चाललेलं असतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तोवर मी घाबरले होते. मुलं दिवसभर खिडकीशी बसायची, आणि मला वाटायला लागलं की यांचं शिकणं थांबलं. मग मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. नऊ ते एक अभ्यास. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा भाषा, असं सगळं रीतसर. तीन आठवड्यांत घरातलं हसणं आटलं. धाकटा वहीचे कोपरे दुमडत बसायचा. थोरली सांगितलेलं सगळं करायची, पण प्रश्न विचारायची थांबली. ते मला फार लागलं, कारण ही मुलगी दोन वाक्यांनंतर "पण का?" म्हटल्याशिवाय कधी राहिली नव्हती.

घरशिक्षण करणाऱ्या पालकांमध्ये शार्लट मेसन हे नाव नेहमी निघतं. इंग्लंडमधल्या या शिक्षिका 1842 साली जन्मल्या आणि 1923 साली गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की लहान मुलांचा एकेक पाठ पंधरा-वीस मिनिटांचा असावा, त्यात पूर्ण लक्ष असावं, आणि दिवसाचा मोठा भाग मुलांनी उघड्यावर घालवावा. हे मी पूर्वीही वाचलेलं होतं, तरी भीतीपोटी चार तासांचं वेळापत्रक लावून बसले होते. एका सोमवारी ते काढून टाकलं आणि मुलांना म्हटलं, चला, बाहेर जाऊ.

बाहेर जायचं म्हणजे आधी लिफ्ट. आमच्या इमारतीला खाली गाड्या लावायचे दोन मजले आहेत आणि लिफ्टमध्ये त्यांची बटणं उणे एक आणि उणे दोन अशी आहेत. धाकट्यानं उणे दोनचं बटण दाबलं आणि मला विचारलं, "आई, इथून आपल्या घरी जायला किती मजले चढायचे?" मी म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, तीन. पाचातून दोन गेले. मग आम्ही खालपासून वर जात प्रत्येक मजला मोठ्यानं मोजला. सात निघाले. तो गप्प झाला आणि पुन्हा खाली जाऊ म्हणाला. तीन वेळा वरखाली केल्यावर त्याचं त्यालाच उमगलं, की शून्याच्या खालचे दोन मजले वजा करायचे नाहीत, ते चढून यायचे आहेत. पाच वजा उणे दोन बरोबर सात, हे माझ्या शाळेत मी नुसतं पाठ केलं होतं. थोरलीनं त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. काही देशांत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात आणि शून्य मजला नसतोच. मग हा हिशोब एकानं चुकतो. इसवी सनातही शून्य साल नाही, इसवी सनपूर्व 1 नंतर एकदम इसवी सन 1 येतं, तिथेही असाच एकाचा फरक पडतो. ही सांगड तिनं स्वतः घातली होती. तिचं "पण का?" परत आलं होतं.

मग एक दिवस लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीला आलेल्या काकांना मुलांनी विचारलं, आम्ही बघू का? ते म्हणाले, "दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही, उंबऱ्याबाहेरून बघा." गच्चीवरच्या मशीनरूमच्या दारात आम्ही तिघं अर्धा तास उभे होतो. आत एक मोठी खाचांची कप्पी आणि तिच्यावरून गेलेले पोलादी दोर. दोरांच्या एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनांची चवड, तिला काउंटरवेट म्हणतात. काकांनी कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि धाकट्याला विचारलं, "बाळा, लिफ्ट रिकामी आहे आणि मी ब्रेक सोडला, तर ती कुठे जाईल?" दोन्ही मुलं एकदम म्हणाली, खाली. काका म्हणाले, "वर जाईल." काउंटरवेट रिकाम्या लिफ्टपेक्षा मुद्दाम जड ठेवतात. लिफ्टचं स्वतःचं वजन आणि वर तिच्या क्षमतेच्या साधारण 40 ते 50 टक्के. म्हणजे आठ माणसांच्या लिफ्टमध्ये चार माणसं असली की दोन्ही बाजू जवळजवळ तोलल्या जातात आणि मोटरला थोडाच जोर लावावा लागतो.

त्या दिवशी घरी दुसरं काही झालं नाही. दोऱ्याचं रिकामं रीळ खिळ्यावर अडकवलं, दोरा टाकला, दोन टोकांना दोन काडेपेट्या बांधल्या आणि त्यांत नाणी घालत मुलं संध्याकाळपर्यंत बसली. एका पेटीत कायम सहा नाणी. दुसरीत दोन, चार, सहा, आठ. सहाला सहा झाली की एका बोटाच्या धक्क्यानं पेटी सरकायची. थोरलीला रात्री काळजी पडली, दोर तुटला तर? मग शोधता शोधता एलिशा ओटिस सापडले. 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ते उंच फळीवर उभे राहिले आणि लोकांसमोर त्यांनी फळीचा दोर कापायला लावला. फळी थोडीशी घसरली आणि त्यांनी बसवलेल्या अडण्यांनी जागच्या जागी धरली. हे वाचून झाल्यावरच ती झोपली.

तेव्हापासून आमचा दिवस असा लागला आहे. सकाळी तासभर वाचन आणि गणित, छोट्या छोट्या तुकड्यांत. मग बाहेर. एखाद्या कामामागचं माणूस शोधायचं आणि त्याला विचारायचं. सायकलचं पंक्चर काढणाऱ्या काकांनी धाकट्याला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला दिले. वाचनालयातल्या ताईंनी पुस्तकांवरचे आकडे कसे वाचायचे ते दाखवलं. काहींनी नकार दिला, तोही समजण्यासारखा असतो, माणसं घाईत असतात. पण मूल खरोखर बघायला आलं आहे हे दिसलं, की बहुतेकांचा हात थांबतो आणि ती बोलायला लागतात.

एक मात्र इथे अवघड आहे आणि ते मी लपवणार नाही. सोबत. इमारतीतली मुलं संध्याकाळी पाचनंतर मोकळी होतात, आणि त्यांच्या गप्पा वर्गातल्या, बाईंच्या, परीक्षेच्या. एकदा थोरली खेळून आली आणि म्हणाली, "त्यांचं सगळं एकमेकांना ठाऊक असतं." मी तिला समजावायला गेले नाही. जवळ बसले. तिचं दुःख खरं आहे आणि वेळापत्रक किंवा लिफ्टची गोष्ट सांगून ते जाणार नाही. आठवड्यातून एकदा घरी शिकणाऱ्या आणखी तीन कुटुंबांना आम्ही बागेत भेटतो. तिथे तिला एक मैत्रीण मिळाली आहे. एकच आहे, पण दोघी तासन्‌तास झाडाखाली बसतात.

माझ्यासाठीही दिवस लांब असतो. दोन खोल्यांत तिघांनी चोवीस तास काढणं सोपं नाही. दुपारी दोन ते तीन या वेळात कुणी कुणाशी बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. त्या एका तासावर घर टिकून आहे.

घर बदलताना घरशिक्षणाचे नियम आधी बघा, हे मला आवर्जून सांगायचं आहे. ते देशागणिक वेगळे असतात. जर्मनीत मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं आहे. अमेरिकेत 50 ही राज्यांत घरी शिकवायला मुभा आहे, पण कळवायचं काय, चाचणी द्यायची की नाही, हे राज्य ओलांडलं की बदलतं. त्याच अमेरिकेत जॉन होल्ट नावाच्या शिक्षकांनी अनेक वर्षं वर्गात शिकवल्यानंतर 1977 साली घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक काढलं. लांब लांब राहणारे पालक त्यातून एकमेकांना पत्रं लिहायचे. बागेतली आमची चार कुटुंबं बघते तेव्हा मला ती पत्रं आठवतात.

आणि आमची गॅलरी. दक्षिणेकडे आहे, समोर उंच इमारती आहेत, दुपारी थोडा वेळ ऊन येतं. मुलांनी दर रविवारी बरोबर बारा वाजता उन्हाची कड जिथे असेल तिथे खडूनं रेघ मारून तारीख लिहायला सुरुवात केली. सप्टेंबरपासून ऊन आठवड्यागणिक आत आत सरकत गेलं. डिसेंबरात रेघा इतक्या जवळ आल्या की दोन तारखा लिहायला जागा पुरेना. मग ती कड थबकली, आणि जानेवारीत बाहेरच्या बाजूला परत निघाली. मी रोज फरशी पुसते तेव्हा तेवढा पट्टा सोडून पुसते. उद्या रविवार आहे, धाकट्यानं खडू आत्ताच गॅलरीच्या कठड्यावर ठेवून दिला आहे.

नमस्कार.