टेकडीवर जिरवलेले, मिसळीत मिळवलेले

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत 'व्यायाम' आधी आणि 'आहार' नंतर छापला आहे. वजन उतरवण्यापुरता हा क्रम मी उलटा करणार आहे. तीस वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवूनही हे मला स्वतःच्या पोटावरून उमगले, हेही आधीच कबूल करतो.

निवृत्तीनंतर आम्ही सहा जण रोज पहाटे हनुमान टेकडीवर जाऊ लागलो. जाऊन-येऊन चार किलोमीटर होत. खाली उतरलो की पाय आपोआप मिसळीच्या दुकानाकडे वळत. तिथे सॅम्पल, म्हणजे मिसळीवरचा रस्सा, दुसऱ्यांदा मागितले तर वेगळे पैसे पडत नसत, आणि पुणेकर फुकटाला नाही म्हणत नाही (येथे कोणी रागावले असल्यास ते पुणेकरच असणार). त्यावर पाव, त्यावर चहा आणि 'आज घाम चांगला आला' हे समाधान. तीन महिन्यांत माझे वजन अठ्ठ्याहत्तरवरून साडेएकोणऐंशीवर गेले. आमच्या सौभाग्यवतींनी काट्याकडे पाहून विचारले, "अहो, तुम्ही टेकडीवर जाता की टेकडी घेऊन येता?"

मी वजनकाट्याला दोष दिला. शेजाऱ्यांचा काटा आणून पाहिला, तोही फितूर निघाला. मग सौभाग्यवतींनी दिनदर्शिकेच्या मागे, मी 'फिरून आलोय ना' असे म्हणून जे जे खाल्ले ते लिहायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत ते पान भरले. त्यात दोन वेळा श्रीखंड होते. ते मी आजही नाकारतो.

पान समोर ठेवून मी हिशेब मांडला. माझ्या वजनाच्या माणसाला चार किलोमीटर चालायला साधारण 200 किलोकॅलरी लागतात, आणि त्यातल्या काही तर तो घरी बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120. वाटीत तरंगणाऱ्या त्या लाल तर्रीचे दोन चमचे पोटात गेले की अख्खी टेकडी फिटली. फरसाण आणि पाव अजून मोजायचेच आहेत. तासभराचे चालणे दोन घासांत भरून निघते, तेच दोन घास टाळायला मात्र वेळ लागत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. म्हणजे मुख्य विषय आता सुरू करावा लागेल.

टांझानियातील हाडझा हे शिकारी-संकलक लोक दिवसभर पायपीट करतात. त्यांचा ऊर्जाखर्च प्रत्यक्ष मोजून 2012 साली संशोधक हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की शरीराचा आकार जमेस धरल्यास तो पाश्चात्त्य शहरी माणसाहून वेगळा ठरत नाही. हालचाल वाढली की शरीर इतरत्र काटकसर करते, असा त्याचा एक अर्थ लावतात. आहाराच्या बाजूने संशोधक केव्हिन हॉल यांचा 2019 चा प्रयोग पाहा: वीस जणांना दोन आठवडे कारखानी, अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. वाढलेल्या ताटांत कॅलरी, साखर आणि चरबी सारखी असूनही कारखानी अन्नावर माणसे रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले.

मग टेकडी सोडायची का? मुळीच नाही. नुसते कमी खाल्ले तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. ते टिकवायला वजने उचलण्यासारखा व्यायाम आणि ताटात पुरेशी डाळ, अंडी, दही लागते. उतरलेले वजन उतरलेलेच ठेवण्यातही व्यायामाचा वाटा मोठा आहे. शिवाय आपला प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच होता, 22.3, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. काट्यावर जे दिसत नाही ते बहुधा कमरेवर दिसते: भारतीय पुरुषांसाठी इशाऱ्याची रेषा 90 सेंटिमीटर, स्त्रियांसाठी 80.

दुसरी चिठ्ठी आली. शिंप्याची फीत मी बरोबर आणली आहे, ती येथे टेबलावर ठेवतो. चहाला जाण्यापूर्वी मोजावी, आणि मोजताना पोट आत ओढू नये. मी येथूनच पाहत आहे.