विमानात चूक झाली की यंत्राला विचारतात, आपल्याकडं माणसाला

नमस्कार मंडळी. आज विमानांबद्दल बोलायचंय आणि बोलत बोलत तुमच्या खिशातल्या मोबाईलपर्यंत यायचंय. मी पायलट नाही, आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअरवर पोट चालतं आणि विमानांचा नाद आहे, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं छोटं एटीआर विमान उडालं की हातातलं काम टाकून वर बघत बसणाऱ्यातला मी. तेव्हा हे सगळं एका नाद लागलेल्या माणसाचं मत म्हणून ऐका, पटलं तर घ्या.

२०२५ च्या नोव्हेंबरअखेरीला एअरबसनं सांगितलं की ए३२० जातीच्या जवळपास ६००० विमानांचं सॉफ्टवेअर पुढच्या फेरीआधी बदला. झालं काय होतं, तर ३० ऑक्टोबरला जेटब्लू या अमेरिकी कंपनीचं एक विमान वरती नीट चाललेलं असताना आपोआप नाक खाली करून झपकन खाली आलं, काही लोक जखमी झाले, आणि शोधल्यावर असं पुढं आलं की सूर्याकडनं येणाऱ्या तीव्र किरणांमुळं विमान वळवणाऱ्या एका कॉम्प्युटरमधला डेटा बिघडू शकतो. आता यावर उपाय काय केला माहिताय? बहुतेक विमानांत नवीन काही टाकलंच नाही, आधीचं जुनं व्हर्जन परत बसवलं. दोन-तीन तासांचं काम. तिकडं अडकलेल्या प्रवाशांनी शिव्या घातल्या असतील, पण मला तर ते ऐकून बरंच वाटलं, कारण मागं जायची वाट यांनी आधीपासनं उघडी ठेवली होती. आणि आपल्या मोबाईलचं? रात्री चार्जिंगला लावायचा, सकाळी उठून बघायचं तर ऍपचं सगळं रूपच बदललेलं, बटण वरचं खाली, खालचं कुठं गेलं पत्ता नाही, आणि जुनं परत पाहिजे म्हटलं तर सोयच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी महिनाभर शिकून पाठ केलेली जागा एका रात्रीत जाते, आणि वर आपणच त्यांना म्हणतो, अहो आजोबा, तुम्हाला मोबाईल कळत नाही.

हे माझं मुख्य दुखणं आहे बघा. विमानाच्या जगात माणूस चुकला की पहिला प्रश्न असा पडतो, की यंत्रानं त्याला चुकू दिलंच कसं. आपल्या रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट सांगतो. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची, धावपट्टीवर पळत असायची, आणि पायलट फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या झडपा, मिटायचं बटण दाबायच्या ऐवजी चाकं मिटायचं बटण दाबायचा. विमान पोटावर! एकदा नाही, सारखं व्हायला लागलं. वरिष्ठ म्हणायचे पायलट थकलेत, लक्ष नाही, ट्रेनिंग वाढवा. मग अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं तर दोन्ही बटणं शेजारी शेजारी आणि दिसायला अगदी सारखी. त्यानं चाकाच्या बटणाला रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या बटणाला पाचरीसारखा तुकडा लावला. अंधारात हात गेला तरी बोटांना कळणार आपण कशाला धरलंय. आजसुद्धा मोठ्या विमानात चाकांच्या दांड्याला छोटंसं चाकच असतं, कधी कॉकपिटचा फोटो दिसला तर नीट बघा.

ट्रेनिंग वाढवा असं म्हणून तो गप्प बसला असता तर?

आता हेच व्हॉट्सऍपवर बघा. मेसेज चुकून भलत्या ग्रुपवर गेला, घाईत डिलीट करायला गेलं तर 'सगळ्यांसाठी डिलीट' आणि 'फक्त माझ्यासाठी डिलीट' एकाखाली एक, आणि बोट पडतं नेमकं दुसऱ्यावर. म्हणजे मेसेज तुम्हाला दिसणं बंद, बाकीच्या भावकीला मजेत दिसतोय. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी त्यावर पाच सेकंदांचं अनडू दिलं, चांगलंच केलं, पण बटणं होती तशीच. आणि ते 'तुम्हाला खात्री आहे का' विचारणारे डबे, ते तर मला शुद्ध ढोंग वाटतं. दिवसात पन्नास वेळा विचारल्यावर माणूस वाचतो होय? बोट आपोआप ओकेवर जातं. त्यापेक्षा निमूट काम करू द्या आणि चुकलं तर परत फिरवायची सोय द्या. जीमेलमध्ये पाठवलेली मेल तीस सेकंदांपर्यंत मागं घेता येते, तेवढी सेटिंग वाढवून ठेवा आजच, उगाच पाच सेकंदांवर ठेवू नका.

आता आकड्यांचं. २० मार्च २००९ ला मेलबर्नहून दुबईला निघालेलं एमिरेट्सचं विमान. उडायच्या आधी पायलट लॅपटॉपवर वजन भरतात, त्यावरनं किती स्पीड आणि इंजिनला किती जोर द्यायचा ते निघतं. वजन होतं ३६२ टनांच्या वर आणि भरलं गेलं २६२. एक आकडा चुकला, शंभर टन गायब. ऊसाच्या काट्यावर बसणारा क्लार्कसुद्धा भरलेल्या ट्रॉलीची पावती अर्ध्या वजनाची निघाली तर मान वर करून खिडकीतनं एकदा बघतो की राव. त्या लॅपटॉपनं काही बघितलं नाही, मुकाट उत्तर काढून दिलं. विमान धावपट्टी संपत आली तरी उठेना, शेपूट घासली, पट्टीच्या पलीकडं जाऊन अँटेनाला धडकून कसंबसं वर गेलं आणि परत फिरून उतरलं. कुणी दगावलं नाही, नशीब त्यांचं. चौकशीत पायलटला झोडून विषय संपवला नाही, तर चुकीचा आकडा पकडणारी व्यवस्था विमानातच कशी देता येईल ती चर्चा सुरू झाली.

आणि एक्सेल? एक्सेल तर उलटं, तुम्ही बरोबर भरलेलं ते चूक करतं. खाते नंबरच्या पुढचं शून्य खाऊन टाकतं, ५-८ लिहिलं की पाच ऑगस्ट करतं. शास्त्रज्ञांच्या काही जनुकांची नावं मार्च आणि सेप्ट अशी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करत सुटलं, शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनीच जनुकांची नावं बदलली! मायक्रोसॉफ्टनं ते रूपांतर बंद करायची सोय दिली ती २०२३ मध्ये. त्याच २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाच्या जवळपास १६ हजार केसेस यादीतनं गळाल्या, कारण जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढं जागाच नसते आणि जागा संपल्यावर कुणी ओरडलं नाही. उद्यमनगरातल्या कितीतरी कारखान्यांचा स्टॉक, पगार, उधारी सगळं एक्सेलवर आहे म्हणून मुद्दाम सांगतोय, खाते नंबरासारखा, बेरीज न करायचा कॉलम असेल तर आकडे टाकायच्या आधी तो टेक्स्ट करून घ्या.

बरं, विमानवाले म्हणजे संत आहेत असं अजिबात नाही. बोइंगच्या ७८७ मध्ये २०१५ साली असं सापडलं की सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटमधला एक काउंटर, म्हणजे मोजणी ठेवणारा आकडा, भरून वाहतो आणि सगळे जनरेटर एकदम बंद पडू शकतात. सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंतचा उपाय काय, तर अधूनमधून बंद करून चालू करा. राजारामपुरीतल्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचा पहिला सल्ला, तोच अमेरिकेच्या सरकारनं आदेश काढून दिला. मला तर हसू आवरंना.

पण ७३७ मॅक्सवर हसू येत नाही. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात १८९ माणसं गेली, १० मार्च २०१९ ला इथिओपियात १५७. समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारे सेन्सर दोन होते, तरी एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर एका वेळी एकाचंच ऐकायचं, तो खोटं बोलला की नाक खाली दाबायचं, पायलटनं वर ओढलं की परत दाबायचं. पहिल्या अपघातापर्यंत पायलटांना असं काही विमानात आहे हेच सांगितलेलं नव्हतं. आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? दोन सेन्सरचं जमत नाही असा इशारा सगळ्या विमानांत पडद्यावर दिसायला पाहिजे होता, तो प्रत्यक्षात पैसे मोजून जादा घेतलेल्या एका डिस्प्लेबरोबरच चालायचा. म्हणजे मोबाईल ऍपमध्ये 'प्रीमियम घ्या' म्हणतात तसलं. रोजच्या सॉफ्टवेअरनं विमानाकडनं शिकावं असं मी मघापासनं म्हणतोय, इथं विमानानं आपल्याकडची वाईट खोड उचलली.

आता अहमदाबाद. १२ जून २०२५, २६० जीव. महिन्याभरानं प्राथमिक अहवाल आला, त्यात इंधनाचे दोन्ही स्विच एकापाठोपाठ बंदकडं गेल्याची नोंद होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या गंगावेशीत चहाच्या गाड्यावर निकाल लागलेला, फाशी कुणाला द्यायची तेवढं ठरायचं राहिलेलं. अहवालानं दोष कुणावरच टाकलेला नाही. अपघाताची चौकशी शिक्षेसाठी नसतेच, पुढचा अपघात टाळायला असते, जगभर नियमच तसा आहे.

चूक न घाबरता सांगायची सोय का हवी ते १९७४ च्या डिसेंबरात कळलं. टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. ढगात असताना आता किती खाली यायला चालतं हे पायलटना नीट समजलं नव्हतं. आणि त्याच्या साधारण सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान त्याच जागी, त्याच गैरसमजात थोडक्यात वाचलं होतं. त्यांनी आपल्या कंपनीतल्या पायलटना सावध केलं पण टीडब्ल्यूएला ती गोष्ट कळायला काही मार्गच नव्हता. त्यानंतर १९७६ ला नासाकडं एक व्यवस्था सुरू झाली, पायलटनं, कंट्रोलरनं आपली चूक किंवा थोडक्यात वाचल्याची हकीकत कळवायची, नाव गुप्त राहतं, आणि मुद्दाम केलेलं नसेल तर शिक्षेतनं बरीच सूट मिळते. आजही ती चालू आहे, लाखांनी पत्रं गेलीत.

आपल्या कुठल्या पतसंस्थेत क्लार्क उठून म्हणेल, साहेब आज एक शून्य जादा पडणार होतं, थोडक्यात सापडलं? म्हणेल की! एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायला त्याला बोलणी खायची हौस नाही. मग ते शून्य पुढच्या महिन्यात शेजारच्या टेबलावर पडतं. मी स्वतः एका ऍपवाल्यांना कळवलं होतं, पैसे पाठवायचं आणि मागायचं बटण तुम्ही एकाच रंगात शेजारी शेजारी ठेवलंय, माणसं गोंधळतात. त्यांचं उत्तर आलं, असुविधेबद्दल क्षमस्व, कृपया ऍप अपडेट करा. केलं. बटणं आता अजून जवळ आलीत.