रग्बी लीगचे प्रशिक्षक रॉय फ्रान्सिस

सुजन श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानासाठी मी रॉय फ्रान्सिस यांची कारकीर्द निवडली, त्यामागे माझे एक ठाम मत आहे. खेळाडूच्या शरीराइतकेच त्याच्या मनाकडे आणि घराकडे लक्ष देणे हे प्रशिक्षकाचे कामच आहे, असे आज सगळे मानतात. परंतु 1950च्या दशकात, इंग्लंडच्या उत्तरेतील गोदी-गिरण्यांच्या शहरांत ज्यांनी हे करून दाखवले, त्यांना त्याचे श्रेय फार उशिरा मिळाले आणि तेही अपुरे.

रग्बी लीग म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. सामन्यासाठी सुट्टी घेतली की उत्तरेतल्या गिरणी आणि खाण कामगारांचा खाडा पडे, आणि त्या खाड्याची भरपाई देण्यास रग्बीच्या तत्कालीन संघटनेचा विरोध होता. म्हणून 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे या खेळात प्रत्येक बाजूस तेरा खेळाडू आले. कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड होते, तशी इथे चेंडू घेऊन धावणाऱ्याची होते, मात्र पकडला गेलेला खेळाडू बाद होत नाही; तो उठून चेंडू पायाने मागे सारतो आणि चढाई पुढे चालू राहते. वेल्समधल्या तरुणांपुढे मोठा पेच असे, कारण पैसे घेऊन लीग खेळणाऱ्याला मूळ रग्बीचे दरवाजे कायमचे बंद होत.

फ्रान्सिस यांनी हा मार्ग सतराव्या वर्षी पत्करला. त्यांचा जन्म 1919 मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे झाला आणि ब्रिनमॉर या खाणकामगारांच्या गावी एका कुटुंबाने दत्तक घेऊन त्यांना वाढवले. 1936 मध्ये विगन या लीग क्लबने त्यांना करारबद्ध केले, 1939 मध्ये ते बॅरो क्लबकडे गेले. ते विंगर होते, म्हणजे मैदानाच्या कडेने वेगाने धावून ट्राय करणारे; ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे. युद्धकाळात सैन्यात त्यांनी शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षक म्हणून काम केले, आणि लीगच्या खेळाडूंवरील बंदी सैन्यापुरती शिथिल झाल्याने ते सैन्याच्या संघातून मूळ रग्बीही खेळले. त्यांच्या पुढच्या कामाचा पाया या वर्षांत घातला गेला, असे मला वाटते.

1946 मध्ये ग्रेट ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा ऐन भरात असलेल्या फ्रान्सिस यांना वगळण्यात आले. ते कृष्णवर्णीय होते आणि ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे प्रवेशाचे धोरण गोऱ्यांपुरते होते. त्यांना वगळण्याचे दुसरे पटण्याजोगे कारण कोणी दिलेले नाही. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1947 मध्ये, ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध त्यांना संधी मिळाली आणि त्यांनी दोन ट्राय केले. ग्रेट ब्रिटनच्या रग्बी लीग संघातून खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. पुन्हा मात्र त्यांना ग्रेट ब्रिटनसाठी बोलावणे आले नाही.

1949 मध्ये ते हल या बंदराच्या शहरी आले आणि थोड्याच काळात संघाचे प्रशिक्षक झाले. ब्रिटनच्या व्यावसायिक खेळांतील पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आघाडीचे खेळाडू धिप्पाड असले की झाले, त्यांनी धक्के द्यावेत आणि पिछाडीच्यांनी धावावे, अशी तेव्हाची धारणा होती. फ्रान्सिस यांनी आघाडीच्या गड्यांनाही धावपटूंसारखा सराव दिला. सामन्यांचे चित्रण करून ते खेळाडूंना दाखवीत. कोणाला शाबासकी लागते आणि कोणाला एकांतात दोन शब्द सुनवावे लागतात, याचा ते अभ्यास करीत. आणि खेळाडूंच्या बायकामुलांना क्लबमध्ये मानाने सामावून घेत, कारण घरी स्वस्थता नसेल तर शनिवारी मैदानावर मन लागत नाही. याचे फळ दिसले. 1956 च्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात कॉलिन हटन यांच्या अखेरच्या क्षणांतील किकने हलने हॅलिफॅक्सला 10-9 असे हरवले, आणि 1958 मध्ये वर्किंग्टनवर 20-3 असा विजय मिळवला.

माणूस पारखण्याची त्यांची नजर 1961 मधल्या एका प्रसंगात दिसते. सैन्यात असलेला कार्डिफचा अठरा वर्षांचा मुलगा नाव गुप्त ठेवून चाचणीसाठी ब्रॅमलीविरुद्ध खेळला. लहानपणी पायांवर शस्त्रक्रिया झालेल्या या मुलाने त्या दिवशी तीन ट्राय केले आणि हलने लगेच त्याच्याशी करार केला. तो क्लाइव्ह सलिव्हन, पुढे ब्रिटनचा कर्णधार झालेला.

1963 मध्ये फ्रान्सिस लीड्सला गेले. 1966 पर्यंत एका संघाने चेंडू किती वेळ आपल्याकडे ठेवावा याला मर्यादाच नव्हती; त्या वर्षी चार पकडींची अट आली, आणि त्यांनी घडवलेला चपळ संघ या नियमाला अगदी अनुरूप ठरला. 11 मे 1968 चा, लंडनच्या वेम्बली मैदानावरचा चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना वादळी पावसात, तळे झालेल्या मैदानावर झाला. लीड्स आघाडीवर असताना अखेरच्या मिनिटात वेकफील्डच्या हर्स्ट यांनी गोलखांबांमध्ये ट्राय करून गुणसंख्या 11-10 वर आणली. ट्रायनंतर मिळणारी किक खांबांमधून गेली असती, तर दोन गुण मिळून वेकफील्ड जिंकले असते. पण सामनावीर ठरलेल्या, वेकफील्डच्याच डॉन फॉक्स यांची समोरूनची सोपी किक बाहेर गेली आणि कप लीड्सकडे आला. त्या दिवशी लीड्ससाठी किकने चार गोल करणारे बेव्ह रिझमन हे गस रिझमन यांचे पुत्र, आणि गस रिझमन म्हणजे फ्रान्सिस यांना वगळून गेलेल्या 1946 च्या दौऱ्याचे कर्णधार.

त्यानंतर फ्रान्सिस सिडनीला नॉर्थ सिडनीचे प्रशिक्षक म्हणून गेले. तिथे त्यांना वर्णद्वेष सोसावा लागला, आणि दोन हंगामांनंतर ते परतले. पुन्हा हल, पुन्हा लीड्स आणि 1975 मध्ये सेंट हेलेन्सला हरवून प्रीमियरशिपचे विजेतेपद, मग ब्रॅडफर्ड. 1989 मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रिनमॉरला त्यांचा पुतळा 2023 मध्ये उभारला गेला.

ग्रेट ब्रिटनचे प्रशिक्षकपद या माणसाला कधी मिळाले नाही, आणि हा मला सरळ अन्याय वाटतो. 1970 मध्ये ब्रिटनने ऑस्ट्रेलियात रग्बी लीगची अ‍ॅशेस मालिका जिंकली, तेव्हा प्रशिक्षक होते जॉनी व्हाइटली, फ्रान्सिस यांनी हलमध्ये घडवलेले खेळाडू. आणि त्या वर्षी फ्रान्सिस स्वतः त्याच देशात नॉर्थ सिडनीसाठी झटत होते. दोन वर्षांनी ब्रिटनने विश्वचषक जिंकला तो क्लाइव्ह सलिव्हन यांच्या नेतृत्वाखाली.