फायलीतलं पेन्सिल पोर्ट्रेट बाजूला ठेवा

(ग्राफिक डिझाइनकडे वळू पाहणारे बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मुलांनो आणि पालकहो,

पालक मोठ्या संख्येने आलेत, म्हणून आधी पैशांचं बोलतो. ‘पोर्टफोलिओ’ म्हणजे तुमच्या निवडक कामांची फाइल. ‘पोर्टफोलिओ करून देतो’ अशा पाट्या हल्ली गल्लोगल्ली दिसतात आणि त्यांच्या फीचे आकडे ऐकून मला घाम फुटतो. तिथे पैसे भरण्याआधी एवढंच बघा, तुमच्या मुलाला जिथे जायचंय तिथे पोर्टफोलिओ मागतात का? मुंबईच्या जे.जे.च्या उपयोजित कला संस्थेत किंवा राज्यातल्या दुसऱ्या कला महाविद्यालयात बी.एफ.ए.ला, म्हणजे कलेच्या पदवीला, जायचं असेल, तर राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञानाचा पेपर. तिथे तुमची फाइल कोणी उघडत नाही. आयआयटी मुंबई डिझाइनच्या पदवीसाठी जी यूसीड ही प्रवेश परीक्षा घेते, तिच्यातही संगणकावरचा पेपर आणि हाताने काढायचं चित्र असतं. फाइल लागते ती इतरत्र. पुण्याच्या सिम्बायोसिसच्या डिझाइन संस्थेत प्रवेश परीक्षेनंतर पोर्टफोलिओ बघतात आणि मुलाखत घेतात. परदेशातल्या बहुतेक डिझाइन कॉलेजांना तो लागतोच. पुढे एम.डेस.च्या, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, मुलाखतीला लागतो, आणि पहिल्या नोकरीच्या वेळी तर गुणपत्रिका कोणी बघत नाही, फाइलच बघतात. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. क्लासवाल्याकडून ऐकू नका.

आता मुलांशी बोलतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या फायली मी बाहेर चाळल्या. पहिल्या पानावर काय आहे? फोटोवरून केलेलं पेन्सिल शेडिंगचं पोर्ट्रेट. कुणी शिवाजी महाराज, कुणी विराट कोहली, कुणी आजी. हात चांगलेच आहेत, मेहनत दिसते. पण मुलाखतीला बसलेल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की तुम्हाला फोटो उतरवता येतो. तुम्ही काय निवडलंत, काय टाळलंत, ते त्यात कुठेच नाही. चौकट फोटोग्राफरची, प्रकाश त्याचा, क्षणही त्याचाच.

जे.जे.मध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि १९६१ साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. चित्रकलेचं कॉलेज शेजारी असताना ही वेगळी चूल का मांडावी लागली? मला दिसणारं कारण असं, की इथे काम बघणारा माणूस चित्र बघायला आलेला नसतो. त्याला गाडी पकडायची असते, औषधाची बाटली ओळखायची असते, नाटकाला जायचं की नाही ते ठरवायचं असतं. त्या माणसासाठी तुम्ही कोणते निर्णय घेतलेत, ते फायलीत दिसलं पाहिजे. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

एक काम सांगतो. मुलगी सातारा जिल्ह्यातली, नाव सांगत नाही. तिने गावाच्या एसटी स्टँडवरचं वेळापत्रक घेतलं. फलकावर गाड्या सुटण्याच्या वेळेनुसार लावलेल्या होत्या. ही खिडकीपाशी उभी राहिली आणि लोक काय विचारतात ते वहीत लिहीत गेली. लोक विचारत होते, ‘कोरेगावची गाडी कधी?’ म्हणजे माणूस गावाचं नाव शोधतोय आणि फलक त्याला वेळ सांगतोय. तिने गावांची नावं डावीकडे घेतली, अकारविल्हे लावली आणि त्यांच्यापुढे वेळा. मग अक्षर किती मोठं हवं ते ठरवायला वेगवेगळ्या आकारांचे कागद भिंतीला चिकटवून आजोबांना लांब उभं केलं. फायलीत हे सगळं होतं. वहीतली पानं, फसलेले कच्चे आराखडे, आजोबांचा फोटो आणि शेवटी फलक. फलक दिसायला साधाच होता. एकही पोर्ट्रेट नसलेली ती फाइल मी तासभर सोडली नाही.

कच्चं काम दाखवायला तुम्ही लाजता. २०१० साली सरकारने रुपयाचं चिन्ह स्वीकारलं, ते आठवा. ते चिन्ह करणारे उदय कुमार तेव्हा आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, पीएच.डी. करत होते. त्यांनी नुसतं चिन्ह पुढे ठेवलं नाही. देवनागरी ‘र’, रोमन आर आणि शिरोरेखा यांची सांगड कशी बसते, ती रेषारेषांनी मांडून दाखवली होती. असं मांडायला आत्तापासून शिका.

आता अक्षराकडे येतो. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी मुलांची फाइल नेमकी इथेच रिकामी असते. तुम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएटला अक्षरलेखन केलंत, दहावीत वाढीव गुण मिळवलेत आणि तो कागद माळ्यावर टाकलात. फायलीत सगळी पोस्टर्स इंग्रजी. का? दुकानाच्या पाट्या, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघत तुम्ही वाढलात. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती काढून बघा. कमल शेडगे यांनी एकेका नाटकाच्या नावाला त्याच्या स्वभावाचं अक्षर दिलं. विनोदी नाटक आहे की रहस्यमय, ते वाचण्याआधीच कळावं असं. सुलेखनकार अच्युत पालव मोडी लिपीत शिरले आणि तिथलं वळण आजच्या सुलेखनात घेऊन आले. र. कृ. जोशी यांनी आयडीसीत शिकवलं आणि संगणकावरचा ‘मंगल’ हा फॉन्टही त्यांचाच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट तुम्ही फुकट उतरवून घेऊ शकता.

देवनागरीत निर्णय घ्यायला जागाच जागा आहे. दोन ओळींचा मथळा घ्या. वरच्या ओळीत ‘कुर्ला’ आहे, तिचा उकार खाली येतो. खालच्या ओळीत ‘गर्दी’ आहे, तिचा रफार आणि वेलांटी वर जातात. रोमनच्या सवयीने ओळींतलं अंतर ठेवलंत तर ही मंडळी एकमेकांवर आदळणार. अंतर वाढवलंत तर मथळा सुटा पडतो. मग काय करायचं? शब्द मागेपुढे करायचे, ओळ दुसरीकडे तोडायची, की तो उकारच मथळ्याचं वैशिष्ट्य करायचा? तीन उत्तरं काढा आणि तिन्ही फायलीत ठेवा. किंवा ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठी वळणाचा ल वेगळा, हिंदीचा वेगळा. २००९ साली राज्य शासनाने वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळण ठरवून दिलं, तरी आपल्या गणेशोत्सवाच्या फ्लेक्सवर हिंदी ल सुखाने नांदतोय. हे ज्याच्या डोळ्याला खुपतं, तो मुलगा मला माझ्या स्टुडिओत हवा.

कामं किती ठेवायची, असं सगळे विचारतात. दहा-बारा पुरेत. सर्वांत चांगलं पहिलं, त्याच्या खालोखाल चांगलं शेवटी. वस्तुचित्रं आणि स्केचबुकातली पानं थोडी हवीतच, पण समोर बसून काढलेली. रेल्वेत, बाजारात, स्वयंपाकघरात काढलेली. सॉफ्टवेअर येत नाही म्हणून घाबरू नका, ते कॉलेजात शिकवतात. एआयने चित्र करून घेतलं असेल तर तसं लिहा, आणि त्यातला तुमचा निर्णय कोणता तेही लिहा. लिहिता आलं नाही, तर ते पान काढून टाका. सरांनी ‘टच’ दिलेली चित्रंही ठेवू नका. सरांचा ब्रश आम्हाला लगेच ओळखू येतो.

मुलाखतीत ‘हे असंच का?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘छान वाटलं म्हणून’ या उत्तरावर संभाषण संपतं. प्रत्येक कामाखाली दोन ओळी लिहा, कोणासाठी केलं आणि काय अडलं. मराठी माध्यमातल्या मुलांनी आधी मराठीत लिहावं, मग इंग्रजी करावं. उलट केलंत की ‘क्रिएटिव्ह’, ‘युनिक’ असे पोकळ शब्दच हाती लागतात.

शेवटी अगदी कामापुरतं. चित्रांचे फोटो सकाळच्या उजेडात, सावलीत, कागदाला समांतर धरून काढा. मोबाइलचे फिल्टर बंद. पीडीएफ करताना फॉन्ट आत घातलेत (एम्बेड केलेत) ना ते बघा, नाहीतर समोरच्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. पाठवण्याआधी ती फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर एकदा उघडून बघा.