शनिवारपासून मोजलेला आठवडा

(वैजापूर तालुक्यातल्या एका चर्चच्या सभागृहात, टांझानियातून परतलेल्या एका तरुण परिचारिका सिस्टरांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

फादर, सिस्टर, समोर बसलेल्या मावश्या, काका आणि मागं उभी असलेली पोरं, सगळ्यांना जय ख्रिस्त.

तिकडचा एक आठवडा कसा जायचा, एवढंच सांग, असं फादर म्हणाले. पण आठवडा धरायचा कुठून? आपण सोमवारपासून धरतो. स्वाहिली भाषेत शनिवारला जुमामोसी म्हणतात, म्हणजे एक. रविवार जुमापिली, दोन. असं मोजत बुधवारी पाच होतात. गुरुवार आला की अल्हमिसी, हा अरबी शब्द, आणि त्याचाही अर्थ पाचवाच. एका आठवड्यात दोन पाचवे दिवस! शुक्रवार इजुमा, जुम्म्याचा. आफ्रिकेची मोजणी आणि अरबांची मोजणी शेजारी शेजारी नांदतात आणि कुणाचं काही अडत नाही. म्हणून मीही शनिवारपासूनच सांगते.

मी होते टांझानियाच्या मध्यावर, डोडोमाच्या बाजूला. १९७३ साली त्या देशानं राजधानी डोडोमाला न्यायचं ठरवलं. पण शहराबाहेर पडलं की मला आपल्या लासूर-वैजापूरची आठवण यायची. लाल माती, बाभळीसारखी काटेरी झाडं, डिसेंबर ते एप्रिल पाऊस आणि बाकी सगळं वर्ष कोरडं. शेतात ज्वारी, बाजरी, भुईमूग, सूर्यफूल. ज्वारीला ते म्हतामा म्हणतात. तिचं पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी पळीनं घोटतात, त्याचं उगाली. आपला घाटाच तो, फक्त हातात गोळा घेता येईल इतका घट्ट.

शनिवारी सकाळी जुमुइया असायची. दहा-पंधरा घरांनी एका घरी जमायचं, वचन वाचायचं, कोण आजारी, कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या पोराची फी राहिली ते बोलायचं. पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७० च्या दशकात हे छोटे समूह चर्चचा पाया मानले. तिथं मला बोलायला फार काही नसायचं. पहिले सहा महिने तर मी नुसती ऐकत बसायचे.

पण त्या घरात शिरायचं कसं, हे आधी सांगते. तिकडं अंगणाच्या कडेला उभं राहून ‘होदी’ म्हणायचं. आतून ‘करिबू’ आलं की पाऊल टाकायचं. नाही आलं तर पुन्हा होदी. तीनदा म्हणूनही आवाज आला नाही, तर माघारी फिरायचं. मोठं माणूस दिसलं की ‘शिकामू’ म्हणायचं आणि त्यानं ‘मराहाबा’ म्हणेपर्यंत थांबायचं.

‘मिशनरी’ हा शब्द आपल्याकडं उच्चारला की काही लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ते म्हणतात, ही माणसं न विचारता घरात शिरतात. या गोष्टीचा मी तिकडं फार विचार केला. डोडोमाच्या त्या भागात ख्रिस्त मी नेला नाही. इंग्रज अँग्लिकन मिशनरी तिथल्या म्प्वाप्वाला १८७० च्या दशकातच पोचले होते. मी गेले ती दवाखान्यात हात लावायला. आणि मला वाटतं, मिशनरीचं निम्मं काम होदी म्हणून उभं राहण्यात आहे. करिबू म्हणायचं की नाही, हे आतल्या माणसानं ठरवायचं.

रविवारची मिस्सा दोन तासांच्या पुढं जायची. अर्पणाच्या वेळी बाया नाचत नाचत वेदीकडं यायच्या. कुणाच्या डोक्यावर मक्याची टोपली, कुणाच्या हातात अंडी, एकदा तर जिवंत कोंबडी. सोमवार कपडे धुण्यात आणि औषधांचा हिशेब लावण्यात जायचा. हिशेबाला तिकडं हेसाबू म्हणतात! किताबू, कलामू, दावा, हबारी, दुनिया. हे शब्द ऐकले की मला वाटायचं, निजामाच्या मुलखात वाढल्याचा असाही उपयोग असतो. दुकानाला दुका आणि गाडीला गारी म्हणतात. ते शब्द समुद्रावरून गेलेल्या आपल्या व्यापाऱ्यांच्या तोंडून तिथं रुजले.

मंगळवारपासून झहानाती, म्हणजे आपला उपकेंद्रासारखा दवाखाना. ताप आला की आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन मलेरियाची पट्टी बघायची. पावसाळ्यात दिवसाला किती पट्ट्या लागायच्या, त्याची गणती नसे.

आता गुरुवार. त्या दिवशी आम्ही बाहेरच्या गावात बाळांची वजनं करायला जायचो. पहिल्याच खेपेला निरोप आला, ‘सा ताटू’. सा म्हणजे तास, ताटू म्हणजे तीन. मी गाडी दुपारी तीनला बोलावली. गावात पोचले तर गोरखचिंचेच्या बुंध्याशी बाया पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. स्वाहिली घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. सहा तास त्या बसल्या होत्या. जवळची सावली सरकली की त्याही सरकत होत्या. मला रडू आलं. माफी मागायला पुरेसे शब्दही येत नव्हते मला. एक म्हातारी उठली, तिनं माझ्या मनगटातलं घड्याळ बघितलं, मग आकाशाकडं बोट केलं आणि एक, दोन, तीन असं मला लहान पोरासारखं मोजून शिकवलं. त्या दिवसापासून मी तिला बिबी म्हणायला लागले. बिबी म्हणजे आजी.

त्या वजनाच्या दिवशी बाळाच्या दंडाला रंगीत पट्टी लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की लाल, म्हणजे बाळ फारच कुपोषित. आपल्या अंगणवाडीच्या ताईंना ही पट्टी चांगली माहीत आहे. लाल पट्टीचं बाळ हातात घेतलं की देश कुठला ते आठवत नाही. बाळाच्या आईच्या डोक्यावर कापडाची चुंबळ असायची, वीस लिटरचा पिवळा पाण्याचा डबा झाडाशी टेकवलेला. ती आधी बोअरवर नंबर लावून मग बाळाला घेऊन आलेली. टँकरच्या दिवसांत माझ्या आईचंही असंच होतं. एकीला मी रागावले होते, बाळाला वेळेवर का आणलं नाहीस म्हणून. ते मला आजही बोचतं. तिचा दिवस कसा गेला हे मी आधी विचारायला हवं होतं.

इथं बसलेल्या पुष्कळ जणांच्या घरी फ्रान्सच्या सव्हॉय भागातून आलेल्या फादरांच्या गोष्टी सांगतात. आनसीला १८३८ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघाचे पहिले लोक १८४५ साली हिंदुस्थानाकडं निघाले. त्याच संघातून येऊन आपल्या घोगरगावला राहिलेल्या फादर जाकिए यांचं नाव तर मी सांगायला नको. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची, ‘फादर लोकान्ला सुरवातीला बोलताच येत न्हवतं, पोरं हसायची.’ लहानपणी मीही त्यावर हसले होते. त्या गोरखचिंचेखाली उभी राहिले तेव्हा कळलं की शिकलेलं, मोठं माणूस पुन्हा मुकं होतं तेव्हा त्याला काय होतं. आणि त्यांना मराठी शिकवणारं कुणीतरी घोगरगावातलंच असणार. एखादी म्हातारी, एखादा गुराखी. त्यांची नावं कुठल्या वहीत नाहीत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी आठवण असेल तर मला सांगा, मला ती लिहून ठेवायची आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मी बिबीकडं जायचे. होदी, करिबू, शिकामू, मराहाबा, सगळं रीतीनं. ती शेंगा फोडत बसायची, मीही बसायचे. एकदा तिनं विचारलं, ‘इतक्या लांब आलीस, आईला विचारलं होतंस का?’ मी म्हटलं, विचारलं होतं. ‘मग काय म्हणाली?’ मी खरं सांगितलं, आई काहीच बोलली नाही, फक्त शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पिशवीत घातला. दुसऱ्या शुक्रवारी मी डब्यात उरलेली चटणी नेली. बिबीनं बोटावर घेतली, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घेतली आणि डबा ठेवून घेतला.

मी निघायच्या आदल्या दिवशी तिनं तो परत दिला. मोकळा नाही. तिच्या शेतातले शेंगदाणे भाजून, मीठ लावून भरलेले. म्हणाली, ‘हा तुझ्या आईचा.’

आई तिसऱ्या रांगेत बसलीय. डबा मी सोबत आणलाय, आई. अजून उघडलेला नाही.