सामान जातं कुठे? मिनिमलिझम, मॅक्सिमलिझम आणि दोन घरं

नमस्कार मंडळी. आज दोन घरं बघायची आहेत. एक अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, नदीकाठी. दुसरं लंडनमध्ये. पहिल्यात जवळजवळ काहीच नाही आणि दुसऱ्यात भिंत दिसत नाही इतकं सामान. मिनिमलिझम, म्हणजे कमीत कमी सामान, बरा की मॅक्सिमलिझम, म्हणजे भरगच्च सजावट, यावर रीलवाल्यांची रोज जुंपलेली असते. मला दोन्ही बाजूंना एकच विचारायचं असतं: सामान जातं कुठे, आणि आवरतं कोण?

[स्क्रीनवर: फार्न्सवर्थ हाऊस, बाहेरून]

शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ. किडनीच्या तज्ज्ञ, एकट्या राहायच्या. फॉक्स नदीच्या काठी त्यांना शनिवार-रविवारसाठी घर हवं होतं. 1945 मध्ये त्यांची गाठ पडली मीस व्हॅन डर रोहेशी. 1929 च्या बार्सिलोना प्रदर्शनात जर्मनीचं दालन उभारून नाव कमावलेला हा वास्तुविशारद तोवर अमेरिकेत स्थायिक झाला होता. घर पूर्ण झालं 1951 मध्ये.

आठ पांढरे पोलादी खांब. वर सपाट छत, खाली सपाट तळ, मध्ये चारी बाजूंनी काच. साधारण 1,500 चौरस फुटांची एकच खोली. मधोमध लाकडाने मढवलेला गाभा, त्यात दोन बाथरूम, आणि त्याच्याच एका अंगाला ओटा. नदीला पूर येतो म्हणून सगळं घर जमिनीपासून पाच फूट वर उचललेलं. दिसायला देखणं आहे, त्यात वादच नाही. गवतावर कुणीतरी अलगद ठेवल्यासारखं.

आता राहून बघा. कपाट? सांगतात की बाईंनी कपाटाचा विषय काढला तेव्हा मीस म्हणाला, दोन दिवसांसाठी एक ड्रेस पुरे, तो बाथरूमच्या दारामागे अडकवा. पुढे कपाट करावंच लागलं. 1953 मध्ये एका मासिकाशी बोलताना बाईंनी सांगितलं की सिंकखाली त्या कचऱ्याची बादली ठेवत नाहीत. का, तर घराकडे येणाऱ्या रस्त्यावरून अख्खं स्वयंपाकघर दिसतं आणि बादलीने घराची शोभा जाते! शिकागोतल्या नावाजलेल्या डॉक्टर, आणि स्वतःच्या घरात बादली लपवत फिरतायत.

त्यात नदीकाठचे डास. मग व्हरांड्याला जाळ्या लावल्या. खर्च 70 हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा ही रक्कम दणदणीत होती. मीसने थकलेल्या पैशांसाठी दावा लावला, बाईंनी उलट दावा ठोकला. 1954 मध्ये पुराचं पाणी ते पाच फूट ओलांडून आत शिरलं. पण बाईंना नुसतं बिचारं म्हणू नका. त्यांनी ते घर 1972 पर्यंत ठेवलं, आपल्या आवडीचं फर्निचर त्यात घातलं आणि मगच विकलं. आज तिथे संग्रहालय आहे, आणि 2021 पासून त्याच्या नावात बाईंचं पूर्ण नाव आहे: एडिथ फार्न्सवर्थ हाऊस.

यातली तांत्रिक गोष्ट मला फार आवडते. त्या खांबांवर वेल्डिंगचा डाग शोधून सापडत नाही. सांधे झाकले, घासले, वर रंग दिला. साधं दिसण्यासाठी केवढी मेहनत! हे आपल्या घरातही ताडून बघता येतं. फरशी आणि भिंत जिथे भेटतात तिथे स्कर्टिंगची पट्टी असते ना? भिंत जरा ओळंब्यात नसेल, फरशीचा काठ खडबडीत कापला गेला असेल, तर ती पट्टी सगळं पोटात घालते. दाराची चौकट आणि भिंत यांच्यामधली लाकडी पट्टीही तेच करते. पट्ट्या काढल्या की गवंडी, सुतार, रंगारी तिघांनाही मिलिमीटरमध्ये काम करावं लागतं, आणि तसं काम करणारा माणूस स्वस्त मिळत नाही. म्हणून इंटिरियरवाला "एकदम सिंपल ठेवू" म्हणाला की कोटेशन कमी होईल, या भ्रमात राहू नका.

[स्क्रीनवर: लंडन, लिंकन्स इन फील्ड्स, 13 नंबरचं घर]

आता दुसरं टोक. सर जॉन सोन. गवंड्याचा मुलगा, पुढे बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद झाला. लिंकन्स इन फील्ड्समधली 12, 13 आणि 14 नंबरची शेजारशेजारची घरं त्याने एकेक करून घेतली आणि आयुष्यभर पाडत-बांधत राहिला. आत काय नाही? रोमन दगडी तुकडे, पुतळे, कलश, पुस्तकं, बांधकामांची मॉडेल्स. इजिप्तचा राजा पहिला सेती, त्याची दगडी शवपेटीसुद्धा! ब्रिटिश म्युझियमला ती महाग वाटली, तर या गृहस्थाने 1824 मध्ये 2,000 पौंड मोजून घरी आणली आणि पुढच्या वर्षी सलग नाही, पण तीन संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात लोकांना बोलावून दाखवली. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच.

पण आत गेल्यावर जीव गुदमरत नाही, आणि याचं उत्तर तिथल्या चित्रांच्या खोलीत आहे. आपल्या फ्लॅटमधल्या लहान बेडरूमएवढी ती खोली, आणि चित्रं शंभराच्या वर. कशी मावली? भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात. बाहेरच्या बाजूला चित्रं, दार उघडलं की आतल्या बाजूलाही चित्रं. उजेड वरून येतो, छतातून. काही ठिकाणी पिवळी काच, म्हणजे लंडनच्या मळभातही ऊन पडल्याचा भास व्हावा. नाश्त्याच्या खोलीत छोटे बहिर्गोल आरसे जडवलेत, त्यामुळे आटोपशीर खोली सैल वाटते. सोन रॉयल अकॅडमीत शिकवायचा आणि विद्यार्थ्यांसाठी हा संग्रह खुला ठेवायचा, म्हणजे वस्तू हाताशी असण्याला कारण होतं. 1833 मध्ये त्याने पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला, की आपल्या पश्चात घर शक्यतो जसंच्या तसं ठेवायचं. 1837 मध्ये तो गेला. आजही तिथे प्रवेश फुकट आहे.

याला पसारा म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे. आणि हो, धूळ झटकायला नोकर होते. हे विसरून सोनसारखं घर मांडायला जाल तर दर रविवार फडकं हातात घेऊन काढाल.

मधला इतिहास पटकन उरकते. 1966 मध्ये रॉबर्ट व्हेंचुरी या अमेरिकन वास्तुविशारदाने मीसच्या कोरेपणाला कंटाळवाणं ठरवलं. 1981 मध्ये मिलानमध्ये इटालियन डिझायनर एत्तोरे सोत्सास आणि त्याच्या मेम्फिस गटाने भडक, नक्षीदार, वेडंवाकडं फर्निचर मांडून धमाल उडवली. गंमत म्हणजे ते बरंचसं प्लास्टिक लॅमिनेटचं, म्हणजे आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो त्याचं. हॉटेलच्या टेबलावरचा माल थेट दिवाणखान्यात आला.

आता आपल्याकडे या. जुन्या वाड्यातलं माजघर आठवा. जमीन मोकळी, चटई अंथरली की बैठक, पाट मांडले की पंगत, रात्री गाद्या घातल्या की निजायची खोली. हे जमायचं कारण भिंती जाड होत्या. त्यांच्यात फडताळं होती, कोनाडे होते, खुंट्या होत्या, वर माळा होता. सामान भिंतीने गिळलेलं. याउलट मुंबईच्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली. तिथे लपवायला भिंतच नाही. मग मांडणीवर घासूनपुसून लख्ख केलेली ताटं-वाट्या, डब्यांची उतरंड, कॉटखाली ट्रंका. सगळं समोर आणि सगळं जागच्या जागी. सोनसाहेबांनी ती मांडणी बघितली असती तर नक्की खूश झाले असते. फरक एवढाच, की इथे आवरणारी त्या घरातलीच बाई.

आणि आजचा टू बीएचके? भिंत चार-सहा इंचांची, फडताळ बसणार कुठे. मग जमिनीपासून छतापर्यंत पांढरी शटर्स, हायड्रॉलिक बेड, ओट्याखाली ट्रॉल्या. फोटोत घर कोरं दिसतं, पण सामान तेवढंच आहे, फक्त दाराआड गेलंय, आणि त्या दारांनी खोलीतली दोन-दोन फूट खोल जागा खाल्ली. मला त्यात वाईट काही वाटत नाही, पण त्याला साधी राहणी म्हणू नये. साधी राहणी बघायची तर सेवाग्रामला जा. माती, बांबू, कवेलू, बसायला चटई. आणि तिथेही बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेनने मातीत ताडाची झाडं उठवली आहेत.

तर इंटिरियर करायला घेतलंत की रंगाची कार्डं बघण्याआधी एक यादी करा. सर्वात मोठं पातेलं केवढं, साड्या किती, पाहुण्यांच्या गाद्या किती, गणपतीचं मखर कुठे ठेवणार, इस्त्रीचं टेबल, सुटकेसा, दिवाळीचे कंदील. ती मोजमापांसकट डिझायनरच्या हातात द्या. थ्रीडी चित्रात या गोष्टी कधीच नसतात. यादीतल्या कोणत्या वस्तूने तुमच्या डिझायनरला फेस आणला, ते कमेंटमध्ये लिहा. मखरावर तर मी वेगळा व्हिडिओ करणारच आहे.