वय पस्तीस, पण टी पेशी म्हाताऱ्या?

नमस्कार मंडळी! परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांवर, म्हणजे पीआयडीवर, तिथे काम चालतं. अशा आजारांच्या तपासणीतला फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी प्रकारानुसार मोजण्याचा, असा रिपोर्ट हातात पडला की ऐन पस्तिशीतल्या माणसाचाही जीव धसकतो: 'नाइव्ह टी पेशी कमी, सीडी57 जास्त.' टी पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, नाइव्ह म्हणजे अजून न लढलेल्या, आणि सीडी57 ही पेशीवरची एक खूण. लगेच गूगल. गूगल म्हणतं, म्हातारपण!

थांबा. आधी हे आकडे काय सांगतात ते बघू.

छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. टी पेशींची नवी भरती तिथूनच होते आणि वयात आल्यावर ती ग्रंथी आक्रसत जाते. थायमसमध्ये पेशी घडताना डीएनएचं एक छोटं कडं उरतं, त्याला ट्रेक म्हणतात. पेशी दुभंगली तरी कडं दुप्पट होत नाही, एकीकडेच राहतं. म्हणून ट्रेक कमी म्हणजे ताज्या पेशी कमी. उलट वर्षानुवर्षं लढलेल्या पेशींवरची सीडी28 ही खूण जाते, सीडी57 येतं आणि त्यांची वाढायची ताकद सरते.

मोठ्या माणसांत नेहमी दिसणारा पीआयडी म्हणजे सीव्हीआयडी (कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी). अँटीबॉडी कमी, सायनस आणि न्यूमोनिया पाठ सोडत नाहीत. यातल्या काहींत हीच चिन्हं लवकर दिसतात, शिवाय सीडी21 ही खूण कमी असलेल्या बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींचा गट) वाढतात.

पण याला सरसकट म्हातारपण म्हणणं मला पटत नाही. एपीडीएस हा दुसरा पीआयडी घ्या. याच्या एका प्रकारात पीआयके3सीडी जनुक जन्मापासून अतिसक्रिय असतं, त्यामुळे शाळकरी मुलातही सीडी57वाल्या पेशी वाढलेल्या सापडतात. तिथे दोष वयाचा नाही, जनुकाचा आहे. तेव्हा एका आकड्यावरून घाबरू नका, आणि 'इम्यून एज', म्हणजे प्रतिकारशक्तीचं वय, सांगणाऱ्या पॅकेजवर पैसे तर मुळीच घालू नका.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. सीएमव्ही विषाणूमुळेही सीडी57 वाढतं, म्हणून डॉक्टर त्याची तपासणी सांगतात. तुम्ही आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटीबॉडी, घेत असाल, तर ते हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. रिपोर्टमध्ये सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आलं, तर ती अँटीबॉडी दात्यांचीही असू शकते. विषाणू आत्ता रक्तात आहे का, ते पीसीआरने बघतात. आयव्हीआयजी सुरू होण्याआधीच्या जुन्या रिपोर्टांत दात्यांची अँटीबॉडी मिसळलेली नसते, म्हणून ते असतील तर टाकू नका, फाइलमध्ये लावा आणि पुढच्या ओपीडीला ती फाइल सोबत न्या.